मिशन, मूल्ये आणि बेथेल

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात नॅकची तयारी सुरू झाली आणि संस्थेचे ‘व्हिजन’, ‘मिशन’ आणि ‘मूल्ये’ मराठीत लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. मराठीचा प्राध्यापक हा सूत्रसंचालन, मानपत्रे आणि असले मजकूर यांसाठी हक्काचा माणूस असतो. मी दोन-चार महाविद्यालयांची माहितीपत्रके समोर ठेवली आणि अर्ध्या तासात परिच्छेद जुळवला. सर्वांगीण विकास, गुणवत्ता, ग्रामीण विद्यार्थी, मूल्याधिष्ठित शिक्षण. कोणी एक शब्दही बदलला नाही. त्या परिच्छेदाने कोणाचे काही बिघडणार नव्हते आणि कोणावर कसले बंधनही येणार नव्हते.

त्याच आठवड्यात वर्गावर बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ शिकवत होतो. 1857 सालची ही कादंबरी, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान, विधवांच्या स्थितीचे चित्रण, लेखकाचे ख्रिस्ती होणे असे नेहमीचे मुद्दे फळ्यावर लिहून झाले. तेवढ्यात एका मुलाने विचारले, “सर, मिशनऱ्यांनी शाळा काढल्या त्या धर्म बदलायलाच ना?” वर्ग हसला. मागच्या बाकावर बेथेलहून येणारा एक विद्यार्थी बसला होता. तो वहीत पाहत राहिला. मी “प्रश्न गुंतागुंतीचा आहे” असे काहीतरी म्हणालो आणि कथानकाकडे वळलो. ते उत्तर नव्हते, ती पळवाट होती. हे मला तेव्हाच कळले होते.

जालन्यात जुन्या माणसांच्या तोंडी ‘मिशन’ हा शब्द आला की त्याचा अर्थ दवाखाना, चर्च, शाळा, आवार असा असतो. शहराजवळचे बेथेल हे त्याच शब्दाचे एक रूप. बायबलमधल्या या नावाचा अर्थ देवाचे घर. ही वसाहत वसवली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. ते घडले मुंबईतल्या ख्रिस्ती विद्यालयात, म्हणून माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा माग काढायचा तर जालन्याहून आधी मुंबईला जावे लागते.

स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले. त्यांनी 1832 मध्ये काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. मुंबई विद्यापीठाहून ते पंचवीस वर्षांनी वडील. योगायोग असा, की त्याच 1832 च्या 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले. विल्सन यांनी आपला हेतू कधी लपवला नाही. शिक्षण हा सुवार्तेचा मार्ग आहे, हे ते उघड सांगत. मात्र त्यासाठी त्यांनी मराठी मनापासून आत्मसात केली. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857 च्या आवृत्तीला मराठी भाषेच्या घटकांवर त्यांनी लिहिलेले टिपण जोडलेले आहे. बाबा पदमनजी मुंबईत शिकले ते याच विद्यालयात.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे खरेच होते. ते झाकण्याचे मला काही कारण नव्हते. पण ते खरे मानले की पुढचा प्रश्न उभा राहतो: या हेतूची किंमत कोणी मोजली?

मराठीत ‘मूल्य’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तत्त्व, दुसरा किंमत. माहितीपत्रकात आपण पहिला अर्थ लिहितो आणि दुसरा विसरतो. 1839 मध्ये विल्सन यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले, शहर खवळले आणि पालकांनी मुले काढून घेतली. वर्ग ओस पडले. धार्मिक शिक्षण वगळले असते तर मुले परत आली असती. ते वगळले गेले नाही. 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, तेव्हा विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने गेले आणि नव्याने उभ्या राहत असलेल्या इमारतीवर त्यांना पाणी सोडावे लागले. त्यांचे मत आपल्याला पटो वा न पटो, आपल्या मूल्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, हे नाकारता येत नाही.

परंतु हिशेब इथे संपत नाही. त्याच 1843 मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा बाराएक वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला त्यांच्या हवाली केले. पुढचा प्रश्न अधिक बिकट होता. ख्रिस्त्यांच्या घरी राहिलेल्या, त्यांचे अन्न खाल्लेल्या मुलाला ब्राह्मण जात परत घेणार का? त्याला प्रायश्चित्त देऊन घ्यावे, यासाठी उभे राहिले ते एल्फिन्स्टनचे प्राध्यापक बाळशास्त्री. सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. मिशनच्या मूल्यांची किंमत अशा रीतीने एका अजाण मुलाने मोजली, त्याच्या वडिलांनी मोजली आणि ज्याचा मिशनशी संबंध नव्हता अशा एका पंडितानेही मोजली. बारा वर्षांच्या मुलाचा निर्णय हा त्याचा स्वतःचा निर्णय मानता येतो का, हा प्रश्न मिशनऱ्यांना टाळता येत नाही. आणि परत आलेल्या मुलाला दार उघडताना जात इतकी का अडखळली, हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

नारायण शेषाद्रींना मुंबईत मानाचे स्थान मिळाले असते. ते निजामाच्या मुलखातल्या जालन्यात आले. इथे त्यांच्याकडे आलेली माणसे प्रामुख्याने मांग आणि महार समाजांतली होती. गावाच्या विहिरीला ज्यांना हात लावता येत नव्हता, त्यांच्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी गाव वसवले. 1873 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत हे पागोटेधारी गृहस्थ बोलले. पण मला ते भाषण तितके महत्त्वाचे वाटत नाही. विद्यालयाने जे शिकवले त्याची परीक्षा व्यासपीठावर झाली नाही, ती इथल्या काळ्या मातीत झाली. ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस मांगांच्या वस्तीत आयुष्य काढतो, याला मी कुठल्याही धर्माचा विजय म्हणणार नाही. पण एका शिक्षणाचा परिणाम नक्कीच म्हणेन.

आणि परिणाम एकाच दिशेचा नव्हता. जोतीराव फुले 1841 ते 1847 पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या हिशेबात हा विद्यार्थी वजा बाजूला धरला गेला असता. प्रत्यक्षात 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, ती अहमदनगरच्या मिस फरार यांची शाळा पाहून. संस्थेचे घोषित उद्दिष्ट नाकारूनही विद्यार्थी तिचे मूल्य पुढे नेऊ शकतो, याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मी माझा परिच्छेद पुन्हा काढला आणि त्यात एक वाक्य घातले: ‘फी थकली म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याचे हॉल तिकीट अडवले जाणार नाही.’ बैठकीत ते वाचले गेले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, “सर, हे लिहिलं तर पाळावं लागेल.” वाक्य गळाले. त्यांचा राग मला आला नाही. मूल्य म्हणजे काय, हे त्या बैठकीत फक्त त्यांनीच नेमके सांगितले होते. त्या वर्षी परीक्षेआधी दोन मुलांची थकबाकी मी भरली. ते वाक्य माझेच होते, म्हणून ते निदान मला लागू व्हायला हवे होते.

पुढच्या वर्षी ‘यमुनापर्यटन’ शिकवताना मी त्या मुलाच्या प्रश्नानेच सुरुवात केली. ‘हो, धर्म बदलायलाच,’ असे फळ्यावर लिहिले आणि त्याखाली चार नावे लिहिली: श्रीपत, बाळशास्त्री, जोतीराव, बेथेल. या वेळी वर्ग हसला नाही. तास संपल्यावर बेथेलचा तो विद्यार्थी, जो आता वरच्या वर्गात गेला होता, दाराशी आला. कोणाकडून तरी त्याला कळले होते. “सर, आमच्या गावाचं नाव फळ्यावर होतं म्हणे,” एवढेच तो म्हणाला. फळा अजून पुसायचा होता. मी बाजूला झालो आणि त्याला आत येऊ दिले.