शुक्रवारची हुंडी

आईच्या हिशेबाच्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या १९७३-७४ च्या वहीत जूनमध्ये गोडेतेलाची नोंद आहे ‘दोन किलो’. दिवाळीला, फराळाच्या महिन्यातही तेवढंच. संक्रांतीच्या सुमारास दीड किलो आणि उन्हाळा लागताना एक. शेजारच्या रकान्यातला रुपयांचा आकडा मात्र फारसा हलत नाही, कारण वडिलांचा प्राथमिक शिक्षकाचा पगार फारसा हलत नव्हता. ‘महागाई’ हा शब्द आईने वहीत कुठेही लिहिलेला नाही. तिने फक्त माप कमी केलं.

सार्वजनिक वित्त हा विषय मी पस्तीस वर्षं शिकवला. सरकारची तूट समजावताना फळ्यावर दोन रकाने आखायचो, जमेचा आणि खर्चाचा, आणि खाली वजाबाकी करून दाखवायचो. त्या वजाबाकीचा या वहीशी काय संबंध, हे मला फार उशिरा उमगलं. दोहोंना जोडणारा कागद होता तदर्थ राजकोष हुंडी. बँकेतली माणसं तिला नुसतं ‘ॲड हॉक’ म्हणत.

केंद्र सरकारचं खातं रिझर्व्ह बँकेत असतं. १९५५ साली दोघांमध्ये असं ठरलं की या खात्यात शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये असले पाहिजेत. शुक्रवार अशासाठी, की बँकेचं साप्ताहिक विवरण त्या दिवशीच्या शिलकीवर निघतं. शिल्लक कमी भरली की सरकारच्या नावे ९१ दिवसांची हुंडी तयार व्हायची, रिझर्व्ह बँक ती स्वतःच घ्यायची आणि तेवढी रक्कम सरकारच्या खात्यात जमा करायची. लिलाव नाही, व्याजदराची घासाघीस नाही, संसदेत प्रश्न नाही. मुदत भरली की जुनीच्या जागी नवी. सरकार त्या रकमेतून पगार, पुरवठादारांची बिलं, धरणांचा खर्च भागवायचं आणि तो पैसा बाजारात यायचा. पूर्वी नोटांच्या ४० टक्के इतकं सोनं आणि परकीय रोखे बाळगण्याचं कायदेशीर बंधन तरी होतं. १९५६ च्या दुरुस्तीने ते गेलं. १९५७ पासून २०० कोटींचा ठरावीक साठा पुरेसा मानला गेला, आणि त्यापलीकडच्या नोटांमागे सरकारचाच कागद ठेवता येऊ लागला.

हे ज्यांच्या कारकिर्दीत ठरलं ते अर्थमंत्री म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर होती. सार्वजनिक क्षेत्राचा ४८०० कोटींचा आराखडा, त्यातले १२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून उभे करायचे. म्हणजे चार आण्यांचा वाटा नव्या पैशाचा. अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. पुढे १९५७ मध्ये गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना लिहिलं, की या हुंड्या यंत्रवत निघतात आणि बँकेला स्वतःचा विचार करायला वावच राहत नाही. पत्रव्यवहार झाला, हुंड्या चालू राहिल्या. तात्पुरती सोय म्हणून आणलेली गोष्ट बेचाळीस वर्षं टिकली.

मला या साऱ्यात आक्षेपार्ह वाटते ती तूट नव्हे. स्वतंत्र भारताच्या पहिल्याच अर्थसंकल्पात, २६ नोव्हेंबर १९४७ रोजी, अर्थमंत्री षण्मुखम चेट्टींनी साडेसात महिन्यांसाठी १७१.१५ कोटींचा महसूल आणि १९७.३९ कोटींचा खर्च मांडला होता. फाळणीने होरपळलेल्या देशाला तेव्हा तूट टाळता आली नसती, आणि चेट्टींनी ती सभागृहात उघडपणे सांगितली होती. माझा प्रश्न वेगळा आहे. सरकारच्या हिशेबाचा भार कुणावर पडतो आणि त्या माणसाला ते सांगितलं जातं का?

हा प्रश्न विचारायला मी गोखल्यांकडून शिकलो, आणि तोही तुटीच्या निमित्ताने नव्हे. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात नामदार गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले, तेव्हा सरकारकडे ७ कोटींची शिल्लक होती. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी. इतर सभासद वित्तसदस्याचं अभिनंदन करत होते. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील व्हायला नकार दिला. देश नुकताच १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांतून उठत होता. अशा वर्षांत सरकारी तिजोरीत शिल्लक पडते कशी?

त्यांनी दिलेलं उत्तर आजही मी विद्यार्थ्यांकडून ओळ न् ओळ वाचून घेतो. रुपयाचा भाव स्टर्लिंगमध्ये घसरत होता आणि विलायतेचा खर्च सोन्यात भागवावा लागत होता, म्हणून सरकारने कर वाढवले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोनाचा अडीच रुपये झाला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या, रुपया वर चढून १६ पेन्सांवर स्थिरावला आणि विलायतेचा बोजा हलका झाला. वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक आली ती तिथून. म्हणजे दुष्काळी मुलखातल्या भाकरीवरच्या चिमूटभर मिठातून. या भाषणामागे गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांची मेहनत होती. सरकारी निळ्या पुस्तकांतले आकडे त्यांनी आयुष्यभर चाळून काढले होते. एका शिक्षकाचा मुलगा म्हणून मला याचा अभिमान वाटतो, हे लपवून काय करू? पुढच्याच वर्षी मिठाचा कर मणाला दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर.

गोखल्यांच्या मिठाला निदान अधिसूचना होती, दर होता, तो कमी करा म्हणून मागता येत होतं. आईच्या तेलावर असा कुठलाच कर कागदावर नव्हता.

१९७१ चं युद्ध, एक कोटी निर्वासितांचा भार, १९७२ चा दुष्काळ, मग १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचा भडका. सगळं खापर हुंड्यांवर फोडणं अन्यायाचं होईल, तेव्हा धान्यच कमी होतं. पण कमी धान्यामागे जास्त नोटा धावल्या, हेही तितकंच खरं. यशवंतराव चव्हाणांच्या १९७३-७४ च्या अर्थसंकल्पाला ५५० कोटींच्या तुटीपायी ‘काळा अर्थसंकल्प’ हे नाव पडलं. त्या काळात दोन लाखांवरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. एवढा दर लावूनही तिजोरी भरली नाही, कारण इतक्या दराला उत्पन्न दाखवतं कोण? आणि जो कर चुकवता येत नाही, तो महागाईच्या रूपाने मुंबईच्या चाळींतून वसूल होत होता. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७४-७५ मध्ये घाऊक किमतींची वाढ २५ टक्क्यांच्या घरात गेली. त्याच १९७४ च्या जुलैत हुंडीचा दर ४.६ टक्क्यांवर गोठवला गेला. म्हणजे सरकार जो पैसा उचलत होतं त्याची किंमत महागाईच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी!

पुढचं मी भराभर सांगतो. १९७९-८० पासून केंद्राच्या महसुली खात्यातच तूट आली, ती आजतागायत दरवर्षी आहे. कर्ज काढून धरण बांधणं वेगळं आणि कर्ज काढून पगार आणि व्याज भागवणं वेगळं. घर चालवणाऱ्या कुणालाही हा फरक शिकवावा लागत नाही. बँकांच्या प्रत्येक शंभर रुपयांच्या ठेवीतले साडेअडतीसपर्यंत रुपये वैधानिक तरलतेच्या नियमाने सरकारी रोख्यांत वळवले गेले. म्हणजे ठेवीदारही न विचारता सावकार झाला. सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ मध्ये दाखवून दिलं की अर्थसंकल्पात ‘तूट’ म्हणून छापला जाणारा आकडा चुकीची गोष्ट मोजतो. बँकांनी आणि इतरांनी घेतलेल्या हुंड्या त्यात येत, आणि रिझर्व्ह बँकेने घेतलेले दीर्घ मुदतीचे रोखे सुटत. शिवाय तो ३१ मार्चचा आकडा. वर्षभर हुंड्या कितीही फुगल्या तरी मार्चमध्ये कर जमा झाले की तो आटोपशीर दिसे. १९९०-९१ पर्यंत केंद्राची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्क्यांवर गेली, आणि १९९१ च्या जुलैत देशाचं सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून गेलं.

९ सप्टेंबर १९९४ रोजी मनमोहन सिंग यांचं अर्थखातं आणि सी. रंगराजन यांची रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला. तीन वर्षांत या हुंड्या बंद करायच्या, तोवर त्यांना मर्यादा घालायची. वर्षाअखेर ६००० कोटी, आणि मधल्या काळात सलग दहा कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ ९००० कोटींच्या वर नाही. ही दहा दिवसांची अट मला फार आवडते. मार्चच्या आकड्याची झाकपाक तिने उघडी पाडली. १ एप्रिल १९९७ पासून तदर्थ हुंडी इतिहासजमा झाली. तिच्या जागी रिझर्व्ह बँकेकडून तात्पुरती उचल आली, पण तिला मर्यादा होती, आणि बाकी पैशासाठी सरकारला बाजारात लिलावाला उभं राहावं लागलं. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारचे रोखे थेट विकत घेणंही, अपवाद वगळता, बंद केलं.

तरीही न सांगता भार टाकण्याची वाट पुरती बुजली नाही. अन्न महामंडळाला अनुदान वेळेवर न देता अल्पबचत निधीतून कर्ज द्यायचं, ही त्यातलीच एक. देणं सरकारचं, नाव महामंडळाचं, आणि पैसा पोस्टात बचत करणाऱ्यांचा. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत बंद करून ते कर्ज सरकारने स्वतःच्या हिशेबात घेतलं. २०२०-२१ साठी अन्न अनुदानाचा मूळ अंदाज सुमारे १ लाख १६ हजार कोटींचा होता, सुधारित अंदाज ४ लाख २२ हजार कोटींवर गेला. त्यातलं काही महामारीतल्या मोफत धान्याचं होतं. पण मोठा भाग होता तो मागल्या वर्षांचा. ते धान्य कधीच दळून, शिजवून, खाऊन झालं होतं.