तृतीय पुरुष

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी गेली अनेक वर्षे शिकवतो. १८९५ साली ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो भाग आला की माझी भाषा नकळत बदलत असे. ‘ख्रिस्ती लोक मानतात’, ‘त्यांची प्रार्थना’ असे सारे तृतीय पुरुषात. मी स्वतः ख्रिस्ती आहे हे माझ्या आडनावावरून कळत नाही. मीही कळू दिले नव्हते. बोललो तर तो धर्मप्रचार ठरेल, ही भीती. त्या मौनाला मी तटस्थता म्हणत असे.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला आतून काय वाटत असेल?” मी उत्तर टाळले. त्या रात्री पुस्तक पुन्हा उघडले. पतीच्या धर्मांतराने उडालेला आकांत, ताटातुटीची वर्षे, आपले सोवळेओवळे आणि अखेर स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, हे सारे लक्ष्मीबाई सारख्याच मोकळेपणाने सांगतात. वाचकाला पटवण्याची त्यांना घाई नाही. साक्ष देणे आणि गळी उतरवणे यांतला फरक मला तिथे उमगला.

पुढच्या तासाला मी म्हणालो, “मी ख्रिस्ती आहे. वडील गेले तेव्हा प्रार्थनेने दुःख हलके झाले नाही; पण ते एकट्याने वाहायचे नाही, एवढे कळले.”

वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा आपल्या आजीच्या वारीविषयी बोलू लागला. माझ्या संकोचाने इतकी वर्षे कुणाकुणाची तोंडे बंद ठेवली होती, ते मला तेव्हा कळले.