चाक जागच्या जागी का फिरतं?

मी इतिहासाचा शिक्षक. निवृत्तीनंतर परभणी जिल्ह्यातलं आमचं काळं रान स्वतः करायचं ठरवलं आणि ४५ एचपीचा जुना ट्रॅक्टर घेतला. टू-व्हील, म्हणजे ओढायचं काम फक्त मागच्या चाकांचं. एवढंही मला ट्रॅक्टर घरी आल्यावर कळलं. पलटी नांगर रानात उतरवला की मागचं चाक गरगर फिरायचं, ढेकळं मागे उडायची आणि ट्रॅक्टर जेमतेम पुढे सरकायचा. इंजिन तर जोरात होतं. मग ताकद जाते कुठे?

चुलतभाऊ बांधावरून म्हणाला, “दादा, मागं वजन नाही त्याला. चाक धरणार कसं?” मला वाटत होतं, जड ट्रॅक्टर जास्त रुतेल, जास्त अडेल. उलट आहे. जमिनीवर चाक जितकं दाबून बसेल तितकी त्याची पकड, आणि ४५ एचपी असो की ६०, पकडीपलीकडची ताकद नुसती माती उकरते. यालाच स्लिप म्हणतात, म्हणजे चाकाचं घसरत फिरणं.

वजन किती लावायचं, हे मात्र कोणी नेमकं सांगेना. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी एक सोपी मोजणी दाखवली. मागच्या टायरवर खडूने खूण करायची. नांगर उचलून त्याच रानात चाकाचे दहा फेरे होऊ द्यायचे आणि अंतर टेपने मोजायचं. मग नांगर मातीत घालून पुन्हा दहा फेरे. रिकाम्याने ३९ मीटर भरले, नांगर लावून ३१. म्हणजे ८ मीटर वाया, सुमारे २० टक्के स्लिप. नांगरटीत ती साधारण ८ ते १५ टक्के असावी. डिझेल ३९ मीटरचं जळत होतं आणि तास ३१ मीटरच निघत होतं. हे गणित सातवीच्या मुलालाही येतं, पण ते रानात करायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

स्लिप शून्य का नको, हे मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, चाक अजिबात घसरलं नाही तर झटका गिअरबॉक्सला बसतो.” फार वजन लादलं तर क्लच, गिअर आणि मागच्या एक्सलवर ताण येतो, डिझेल नुसतं ओझं वाहण्यात जातं, आणि ओल्या काळ्या मातीत चाकाखालचा थर घट्ट दाबला जातो. त्या थरात पुढे कापसाच्या-तुरीच्या मुळांना खाली उतरणं अवघड होतं. मला हे कारण सगळ्यात मोठं वाटतं. गिअरबॉक्स दुरुस्त होतो, दाबलेली जमीन सुटायला वर्षं लागतात.

मी लगेच वजनं आणायला निघालो होतो, पण मिस्त्रींनी आधी टायरची हवा बघितली. मागच्या टायरांत २५ पौंडांच्या वर हवा होती. ट्रॉली ओढणाऱ्या आधीच्या मालकाने तशी ठेवलेली. कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे रानकामासाठी ती १४ पौंडांवर आणली. टायर थोडा पसरला, जास्त लग मातीला टेकले. लग म्हणजे टायरवरचे उभारलेले रबरी पट्टे. एक पैसा खर्च न होता स्लिप थोडी उतरली. ट्रॉली भरून रस्त्यावर जाताना हवा पुन्हा वाढवावी लागते, नाहीतर टायरची बाजू चिरते.

मग वजन. दोन वाटा आहेत: ट्यूबमध्ये पाणी किंवा चाकाला बोल्टने बसणाऱ्या बिडाच्या चकत्या. पाणी स्वस्त. चाक जॅकवर घेऊन वॉल्व्ह वरच्या टोकाला आणायचा आणि त्यातून पाणी बाहेर येईपर्यंत भरायचं. टायर साधारण पाऊण भरतो, वर हवेला जागा राहते. आमच्या आकाराच्या एका टायरात दीड-दोनशे लिटर जातं, म्हणजे तितकेच किलो. पण ते ओझं वर्षभर सोबत राहतं आणि पंक्चर काढणं कटकटीचं होतं. मी चकत्या घेतल्या, कारण त्या काढता येतात. त्या बसवून पुन्हा मोजलं तेव्हा नांगरासकट ३४ मीटर भरले. स्लिप १३ टक्के. मागे पाहिलं तर लगच्या ठशाच्या कडा स्पष्ट आणि मधली माती किंचित विस्कटलेली. ठसा पुसट असेल तर वजन कमी, साच्यातून काढल्यासारखा कोरीव असेल तर जास्त, हे त्या दिवशी शिकलो.

एक टायर झिजलेला होता, म्हणून जोडी बदलायला परभणीला गेलो. दुकानदाराने विचारलं, “१३.६-२८ की १४.९-२८?” मी गप्प. पहिला आकडा रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास. रुंद टायर जास्त माती धरतो, पण रिमची रुंदी त्याला पुरली पाहिजे. फोर-व्हील असेल तर पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाणही बिघडतं. मी जुनाच आकार ठेवला. खोल लगचे टायर चिखलणीसाठी असतात, डांबरावर लवकर झिजतात; आमच्या कामाला साधे लग पुरेसे. बाजूवर चार आकडे शोधायचे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. दुकानात चकचकीत दिसणारा टायर त्यावरून बराच जुना निघू शकतो. आणि बसवताना बाण बघायचा. लगचं मधलं टोक आधी जमिनीला टेकलं पाहिजे, तरच चिखल बाजूला फेकला जातो.

घरी येऊन सवयीने इतिहास चाळला. अॅलिस-चाल्मर्स या अमेरिकी कंपनीने १९३२ साली ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर लावले. त्याआधी बहुतेक लोखंडी चाकं. भंडारा-गोंदियाच्या भातखाचरांत चिखलणीसाठी पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं, म्हणजे केजव्हील, आजही लावतात, कारण तिथे रबर धरत नाही.

नवा ट्रॅक्टर घेतलेल्यांना एवढं सांगेन: चकत्या विकत घेण्याआधी हवा बघा आणि खडू-टेप घेऊन स्लिप मोजा. नांगरट संपली की चकत्या उतरवा; पेरणीला आणि रोटाव्हेटरला त्यांची गरज नाही. मागे नांगर उचलला की पुढचं चाक हलकं होत नाही ना, तेही तपासा, हलकं झालं तर स्टिअरिंग ऐकत नाही. आणि चकती चढवताना ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, पुढच्या चाकांना उटी लावा, सोबत माणूस घ्या. ती एकट्याने उचलायची वस्तू नाही.