अडतीस साक्षीदार आणि माझी एक बातमी

परवा पुन्हा एका अपघाताचा व्हिडिओ फिरत होता. रस्त्यावर पडलेला माणूस, भोवती गर्दी, आणि खाली कमेंट्सची रांग : माणुसकी मेली, माणुसकी मेली. मीही तेच टाइप करणार होतो. थांबलो, त्याला कारण आमच्या घरातली एफवायबीए.

मुलीनं यंदा मानसशास्त्र घेतलंय. सुरुवातीलाच वेगवेगळे दृष्टिकोन आणि मग संशोधनाच्या पद्धती : निरीक्षण, सर्वेक्षण, व्यक्ती-अभ्यास, प्रयोग. तिची उजळणी घेताना मला आमचा पत्रकारितेचा डिप्लोमा आठवला. कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. यातले चार आम्ही विचारून घेतो. 'का' मात्र बहुतेक वेळा टेबलावर बसून ठरवतो. याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तिच्या अभ्यासात निघालं.

१३ मार्च १९६४, पहाटे तीनच्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोवीज या २८ वर्षांच्या तरुणीचा घराजवळ भोसकून खून झाला. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'नं पहिल्या पानावर बातमी छापली : ३८ सभ्य नागरिक अर्धा तास खिडकीतून बघत राहिले, हल्ला चालू असताना एकानंही पोलिसांना कळवलं नाही. बातमीचा धागा शहर संपादकाला पोलीस आयुक्तांसोबत जेवताना मिळाला होता. (आमच्याकडे चहावर मिळतो, एवढाच फरक.) सगळीकडे हळहळ झाली. शहरी माणूस दगड झालाय, असा निकाल लागला.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांना तो निकाल पटला नाही. लोक निर्दय होते म्हणून गप्प राहिले, की खूप जण होते म्हणून? त्यांनी प्रयोग केला. विद्यार्थी एकेका खोलीत, बोलणं फक्त इंटरकॉमवर. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज. तो आवाज टेपवरचा, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नाही. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं, त्यांतले ८५ टक्के फिट चालू असतानाच मदतीसाठी बाहेर आले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तिथे फक्त ३१ टक्के.

मला यातली दोन निरीक्षणं फार महत्त्वाची वाटली. जे उठले नाहीत ते बेफिकीर नव्हते. कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता; प्रयोग घेणारा आत आल्यावर 'तो बरा आहे ना?' असंच ते आधी विचारत. आणि दुसरं, इतर ऐकत होते म्हणून तुम्ही थांबलात का, असं विचारल्यावर लोक नाही म्हणाले. म्हणजे नुसतं सर्वेक्षण केलं असतं तर उत्तर चुकलंच असतं. माणसाला स्वतःचं 'का' स्वतःलाही नीट ठाऊक नसतं, तर ते बातमीदाराला कुठून असणार?

पण गोष्ट इथे संपत नाही. २००७ मध्ये तीन ब्रिटिश संशोधकांनी त्या खुनाच्या नोंदी तपासल्या. ३८ जण बघत उभे होते याला आधारच सापडला नाही. बहुतेकांनी काहीतरी अर्धवट ऐकलं होतं. एक जण खिडकीतून ओरडला होता आणि त्यामुळे हल्लेखोर आधी पळालाही होता. दुसरा हल्ला जिन्याच्या आडोशाला झाला, तो रस्त्यावरून दिसणंच शक्य नव्हतं. दार उघडून बघून पुन्हा लावून घेणाराही एक होता, हे खरंच. पण धावत खाली जाऊन किटीला शेवटपर्यंत धरून बसलेली शेजारीणही होती. ती मूळ बातमीत नव्हती. २०१६ मध्ये खुनी तुरुंगात मेला, तेव्हा त्या वृत्तपत्रानंच आपली बातमी सदोष होती असं लिहिलं. ५२ वर्षांनी!

२०१९ मध्ये तर ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहातल्या नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. माणसं जितकी जास्त, तितकी मदत मिळायची शक्यता जास्त. प्रयोग खोटा नव्हता. एकेकटा माणूस गर्दीत कचरतो, पण गर्दीतला कुणीतरी पुढे येतो.

आता माझं. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या बायपासवर दुचाकीचा अपघात झाला. मी पोचेपर्यंत जखमीला नेलं होतं. व्हॉट्सॲपवर फोटो आला, त्यावरून बातमी केली : 'जखमी तडफडत होता, बघे मोबाइलमध्ये दंग'. फोटोत पुढेच एक वेल्डिंगवाला, हातात मोबाइल. आठवड्यानं ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर भेटला, म्हणाला, "फोन त्यानंच केला होता की. स्पीकरवर ठेवून पत्ता सांगत होता." जखमीला हात का लावला नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मीच सांगितलं होतं, मान हलवू नका."

मी डेस्कला खुलासा पाठवला. उत्तर आलं, "नाव छापलंय का त्याचं? मग खुलासा कसला?" मीही मग गप्प बसलो. त्याच्या पोराला शाळेत 'शूटिंगवाल्याचा' म्हणून चिडवत होते, हे नंतर कानावर आलं. तरी गप्पच.

मुलीला हे सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "बाबा, त्या फोटोतल्या किती जणांशी बोलला होतात तुम्ही?"

एकाशीही नाही.

काल त्याच्या दुकानात गेलो. त्यानं काच वर केली, ओळखलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पेपर गेला रद्दीत, साहेब. फोटो मात्र दर अपघाताला परत येतो माझ्या मोबाइलवर."

म्हणून इथे लिहितोय, आमच्या गावच्या लोकांसाठी. बायपासच्या त्या फोटोत पुढे उभा असलेला माणूस शूटिंग करत नव्हता. तो १०८ला ठिकाण सांगत होता. फोटो परत आला, तर खाली हे चिकटवा. बातमी माझी होती.