इंजिन उचलतांना

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हांस इंग्लंडांत भाच्याकडे जाण्याचा योग आला. तो ऑक्सफर्डजवळ नोकरीस असतो. तेथून जवळच अ‍ॅबिंग्डन हें गांव आहे. एम. जी. नांवाच्या क्रीडामोटारी पूर्वीं तेथें तयार होत, त्यांपैकीं ‘एम. जी. बी.’ ही १९६२ पासून १९८० पर्यंत निघत असे. तसली एक जुनी मोटार घेऊन तिचें इंजिन काढण्याचें काम भाच्यानें आमच्या येण्यापर्यंत राखून ठेविलें होतें. आम्हांस वाटलें, हा पाहुणचारच! त्यास आणखी दोन हात हवे होते, हें मागाहून कळलें.

प्रत्यक्ष उचलणें घटकाभराचें. त्यापूर्वीं दीड दिवस सोडासोडींतच गेला. प्रथम बॅटरीची अर्थिंगची तार काढली, मग पाणी व तेल काढून टाकिलें. गिअरबॉक्समधील तेल न काढल्यास इंजिन तिरपें होतांच तें शेपटाकडून सांडतें. बॉनेट काढण्यापूर्वीं बिजागऱ्यांभोवतीं पेन्सिलीनें रेघा ओढल्या, म्हणजे परत बसवितांना जागा चुकत नाहीं. प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधण्याचें काम आमच्याकडे होतें. हजेरी घेण्याची संवय येथें उपयोगी पडली. प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट सोडण्यास मोटारीखालीं जावें लागे. पण नुसत्या जॅकच्या भरंवशावर भाच्यानें आम्हांस खालीं शिरूं दिलें नाहीं. आधीं पोलादी स्टँड लाविले.

हें इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचें, बिडाचें. गिअरबॉक्ससह सुमारें दोनशें किलोंचें ओझें! दोन्ही जोडलेलींच, पुढचें टोंक वर व शेपूट खालीं अशीं तिरपीं बाहेर काढावीं लागतात. त्याकरितां चाकांची क्रेन आणिली होती. तिचा हात जसजसा लांब करावा तसतसें तिचें बळ घटतें, म्हणून किती लांबीस किती वजन हे आंकडे त्या हातावरच लिहिलेले असतात. भाच्यानें ते दोनदां वाचले. आम्हांस तें फाजील वाटलें.

तो दांडा मारूं लागला. इंजिन चार बोटें वर आलें आणि एका अंगास कलूं लागलें. आम्हीं वांकून पाहिलें, तों गिअरबॉक्सपासून मोटारीच्या सांगाड्यास गेलेली अर्थिंगची विणलेली पट्टी ताठ झालेली! ती आमच्याच यादींतून सुटली होती. ओशाळून आम्हीं ती सोडविण्यास हात खालीं घातला.

“मामा, हात काढा आधीं!”

एवढ्या मोठ्यानें तो आमच्याशीं कधींच बोलला नव्हता. हात काढतो न काढतो तोंच साखळीची एक कडी सरकून बसली आणि इंजिन गपकन् खालीं आलें; दोन बोटेंच, पण तेवढीं आम्हांस पुरलीं असतीं. हा आमचा लिहिण्याचा हात.

भाच्यानें व्हॉल्व्ह हळूहळू सोडून ओझें लांकडी ठोकळ्यांवर टेकविलें, साखळी पुन्हां नीट बसविली आणि लांब पान्यानें बाजूनेंच पट्टी सोडविली. दुसऱ्या वेळीं आम्ही दूर उभे राहिलों. इंजिन मोटारीबाहेर येतांच त्यानें तें लगेच जमिनीलगत उतरविलें. उंच लोंबकळणारें ओझें घेऊन क्रेन ढकलिल्यास ती उलथते. ठोकळ्यांवर तें सुखरूप बसल्यावर तो चहा करावयास गेला. चुकीबद्दल एक शब्दही बोलला नाहीं.

आम्हीं खिशांतून एक कोरी चिठ्ठी काढिली, “गिअरबॉक्सची अर्थिंगची पट्टी” असें स्वच्छ अक्षरांत लिहिलें, आणि ती त्या पट्टीस बांधून ठेविली.