कोंबडी कोणाची?

शिरूर तालुक्यात न्हावऱ्याजवळ माझे आत्येभाऊ नाना राहतात. त्यांच्या शेडमध्ये पाच हजार कोंबड्या आहेत. तरी गेल्या रविवारी मला त्यांच्याकडे पिठलं-भाकरी मिळाली. गाडीवरून उतरल्यापासून जो वास येत होता, त्यावरून माझी अपेक्षा अगदीच गैरवाजवी नव्हती. वहिनींनी ती ओळखली.

"भावजी, त्या कंपनीच्या. आपल्याला खायची तर विकत आणावी लागते. गावठीसुद्धा पाळू नका, रोग येतो, असं सुपरवायझर सांगून गेलाय."

वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ठेवीला हात लावू नये हे शिकवावं लागत नाही. तरी मी करार समजून घेतला. एक दिवसाचं पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड नानांचं, पाणी नानांचं, वीजबिल नानांचं, अंथरायचं भाताचं तूस नानांचं आणि रात्री दोनला उठणं वहिनींचं. चाळीस-बेचाळीस दिवसांत पिल्लू दोन किलोच्या आसपास गेलं की कंपनीची गाडी माल उचलते. बाजारभाव काही असो, नानांना किलोमागे ठरलेले रुपये मिळतात. खाद्य जास्त लागलं किंवा मरतूक वाढली की त्यातून कापतात. निर्विवादपणे नानांचं असं शेडमध्ये शेवटी एकच उरतं. त्याला कोंबडखत म्हणतात.

जेवायला ताई आणि दाजीही होते. चौफुल्याच्या रस्त्याने भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो, तिथले ते. दाजी कोणाशी करार करत नाहीत, कांदा लावतात. पहिल्याच घासाला म्हणाले, "नाना, तुम्ही स्वतःच्याच शेडवर रोजंदारीला आहात."

"असेन. पण रोज मिळतो! 2023च्या डिसेंबरात निर्यात बंद झाली, तेव्हा तुमच्या कांद्याला काय मिळालं?"

दाजींनी ठेचा वाढून घेतला. मग सावकाश विचारलं, "आणि 2020 साली?"

आता नाना गप्प झाले. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आवई उठली आणि ब्रॉयलरचा भाव कोसळला. शेडमधल्या बॅचचे पैसे नानांना ठरल्या दराने मिळाले. पण पुढची पिल्लं आलीच नाहीत. करारात दराची हमी होती, पिल्लांची नव्हती. रिकाम्या शेडमध्ये वाढणारी एकच गोष्ट होती, कर्जाचं व्याज. आणि तिला खाद्य लागत नाही. बँकेची नोटीस नानांनी जपून ठेवली आहे. ती मला दाखवली. पाकिटावरचा पत्ता माझ्यासारख्याच कुणीतरी नीटनेटका लिहिला होता.

विषय बदलावा म्हणून मी नानांची वही ओढली. मी बी.कॉम. आहे, हे सिद्ध करायची संधी घरात क्वचितच मिळते. एका बॅचची जमा लिहिली. तूस, वीज, चुना, हप्ता वजा केला. उरलेल्या रकमेखाली "नफा" लिहून दुहेरी रेघ मारली.

"यात माझी रोजी धरली का?" वहिनींनी विचारलं.

धरली नव्हती. दिवसाचे आणि रात्रीचे तास घालून धरली, तेव्हा ती दुहेरी रेघ खोडावी लागली. दाजी मोठ्यांदा हसले.

"हसताय काय?" चुलीपाशी बसलेली ताई म्हणाली. "कांद्याच्या हिशेबात माझी तरी कुठं धरता?"

दाजी तांब्या शोधू लागले. तो त्यांच्या समोरच होता.