राजधानीवर उभे राहून

कोराडीच्या माणसाला जुने काही पाहायचे असेल, तर तो बहुधा आरशात पाहतो. आमच्या वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आधी तो निवृत्त झाला, मग मी. निवृत्त माणसाला इतिहासाची गोडी फार लवकर लागते. तर एका रविवारी मी घरात जाहीर केले, "आज नगरधनला जायचं. वाकाटकांची राजधानी!"

"डबा घ्यायचा का?" हिने विचारले. घरातून आलेली ही एवढीच ऐतिहासिक शंका.

नगरधन म्हणजे जुने नंदिवर्धन, रामटेकजवळचे. दगडी किल्ला दिसला आणि माझी छाती फुगली. ती लगेच बसलीही, कारण हा किल्ला भोसल्यांच्या काळातला. माझी राजधानी त्याच्याही तेराशे वर्षे आधीची. आत सगळे गवतच गवत. नातू कंटाळला. "आजोबा, राजधानी कुठाय?"

बकऱ्या चारणारा एक जण हसला. "तिच्यावरच त उभे आहा ना तुमी!"

खरेच होते. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याने नगरधनला उत्खनन केले, तेव्हा मातीची एक अंडाकृती मुद्रा निघाली. तीवर ब्राह्मी लिपीत राणी प्रभावतीगुप्ताचे नाव आणि शंख. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुले लहान. मग राज्य हिनेच चालवले. तिने नंदिवर्धनाहून दिलेला एक ताम्रपट सापडला कुठे, तर पुण्यात, एका तांबटाकडे! (विदर्भातले चांगले ते पुण्याला जाते, ही आमची तक्रार तशी जुनीच.)

माझे व्याख्यान रंगात आले होते. तटाच्या सावलीत बसलेली आई मधेच म्हणाली, "मुद्रा म्हणजे सहीच ना रे?"

"सहीच."

"नवऱ्याची नाही? तिची?"

"तिचीच."

बाबा गेले तेव्हा मी सहावीत होतो. प्रगतिपुस्तकात 'पालकाची सही' या रकान्यात तोवर बाबांची झोकदार इंग्रजी सही असायची. त्या सहामाहीला आईने संध्याकाळभर माझ्या पाटीवर स्वतःचे नाव गिरवले, पुसले, पुन्हा गिरवले. मग पुस्तकावर सही केली. आणि गणितातले बावीस मार्क पाहून मला बदडले, ते वेगळे.

आईने पायाजवळचे एक ढेकूळ उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि होते तिथेच नीट ठेवून दिले.

"डबा उघडा," ती म्हणाली. "ऊन चढतंय."

आम्ही सगळे निमूटपणे जेवायला बसलो.